सुनेच्या नावावर केलेला दवाखाना

विहीणबाई, जरा जवळ सरका बरं. अशा परक्यासारख्या लांब कशाला बसता? तुमची लेक हे वाचून दाखवील तेव्हा तिच्या मांडीला मांडी लावून बसा, आणि मीही तिथंच बसलेय असं समजा. आधी मी तुम्हाला थोडं रागावून घेते, कारण पुढं सगळी रागवायची पाळी तुमचीच आहे. वर्ष उलटून गेलं, तुम्ही आमच्या घरी पाय ठेवला नाही. मागच्या महिन्यात शहरात आलात, लेकीला बसस्टँडवर बोलावून घेतलंत, तिच्या हातात तुपाची बरणी दिलीत आणि आल्या बसनं माघारी गेलात. तिथून आमचं पुंडलिकनगर काय फार लांब होतं? शोभतं का हे? मी सुनेला विचारलं, "माय घरी का नाय आली?" तर ती म्हणाली, "तिला लाज वाटते, आत्या. म्हणते, माझ्या लेकीनं त्यांच्या घरात पाळणा हलवला नाय, वरून दवाखान्याच्या खर्चात घातलं, आता कोणत्या तोंडानं जाऊ."

ते ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही. म्हणून ही वही लिहितेय. मी चौथीपर्यंत शिकलेली, पुढचं वाचायला लिहायला माझं मीच शिकले, तेव्हा अक्षराला हसू नका.

सरळ सांगते. तुमच्या लेकीच्या पोटात काही दोष नाही. कधीच नव्हता. इतके दिवस ती ज्या दवाखान्यात जात होती तो दवाखाना माझा होता. मला छातीचा कॅन्सर झाला होता.

थांबा, आत्ताच तिच्याकडं वळून बघू नका. तिला पुढं वाचू द्या.

तुम्हाला ठाऊक आहे, हे गेल्यापासून मी उन्हाळी कामावर घर उभं केलं. कुरडया, शेवया, पापड. मुलगा चिकलठाण्याला लेथवर लागला, तरी माझं काम मी सोडलं नाही. सगळी गल्ली माझ्याकडं गहू देऊन जायची. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात कुरडया घालत होते. चीक गरम आहे तोवरच सोऱ्यात भरायचा आणि दाबायचा, त्याला अंगाचा भार द्यावा लागतो. दाबता दाबता डाव्या बाजूला काहीतरी टोचलं. हात लावून बघितला तर गाठ. बोराएवढी. दुखत नव्हती. म्हटलं न दुखणारी गाठ काय करणार आहे? दहा घरांचे गहू भिजत पडले होते. ते झाले की पापड, पापड झाले की शेवया. गाठीला म्हटलं, थांब बाई, तुझा नंबर शेवटी.

एका रविवारी तुमची लेक माझ्या पाठीला साबण लावत होती. हात काखेपाशी आला आणि थांबला.

"आत्या, हे काय?"

"काय नाय. गाठ आहे. जाईल."

"कधीपासून?"

"कुरडयापासून."

"कुरडया होऊन तीन महिने झाले, आत्या."

दुसऱ्या दिवशी तिनं कंपनीत सुट्टी टाकली आणि मला मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथली डॉक्टरीण सुनेच्याच वयाची. तपासलं आणि म्हणाली, "आजी, इतके दिवस काय करत होता?" मी म्हटलं, "कुरडया." तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग गाठीतला तुकडा काढून तपासायला दिला, आठ दिवसांनी कागद आला. मुलगा तो कागद हातात धरून उभ्या उभ्या भिंतीला टेकला. रडली नाही ती एकटी तुमची लेक. तिनं विचारलं, पुढचं कधी आणि कुठं.

आता मी लपवलं का, ते ऐका. हे सांगायला मला दुसऱ्या सगळ्यापेक्षा जड जातंय. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या मागच्या गल्लीत एक बाई लोणची घालायची. हात असा होता तिचा की कैरीची फोड दुसऱ्या वर्षीसुद्धा कडक राहायची. तिला हाच आजार झाला. बातमी फुटली आणि बायकांनी तिचं लोणचं घेणं बंद केलं. कुणी म्हणे हाताला लागतं, कुणी म्हणे तोंडातून पसरतं. तिच्या दारात बरण्या तशाच पडून राहिल्या. आणि एक भरलेली बरणी, जिचं झाकणही उघडलं नव्हतं, ती तिला परत करणारी बाई मी होते. "आमच्याकडं कुणी खात नाय हो," म्हणून ती दारात आली तेव्हा सांगितलं होतं. तिनं रिकाम्या पिशवीत बरणी ठेवून घेतली. डॉक्टरणीनं नाव उच्चारलं तेव्हा मला माझा जीव आठवला नाही, विहीणबाई, ती पिशवी आठवली. माझ्या कुरडयांचंही तेच होणार. आणि ते का होणार, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

पहिल्या किमोच्या दिवशी दवाखान्याच्या दारातच आमच्या कोपऱ्यावरची बाई भेटली. माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. फाईल सुनेच्या हातात होती.

"काय हो, इकडं कुठं? कुणाला दाखवायला आणलं?"

मी म्हणाले, "हिला."

ती सुनेकडं बघायला लागली. मी पुढं म्हणाले, "लग्नाला चार वर्षं झाली. म्हटलं बघावं एकदा काय ते."

"चांगलं केलंत. सासू स्वतः घेऊन येते, नशीब लागतं त्याला. नाहीतर आमच्याकडं बघा."

तुमची लेक खाली बघत उभी होती. माघारी येताना रिक्षात, रिक्षावाल्याला ऐकू जाऊ नये असं हळू म्हणाली, "आत्या, मला का?"

"निघून गेलं तोंडातून."

"मग उद्या सांगा की चुकून म्हणाले."

मी काय केलं? तिचा हात धरून माझ्या डोक्यावर ठेवला. म्हटलं, "माझी शपथ आहे. कुणाला सांगायचं नाय."

"मायला पण नाय?"

"मायला तर नायच. तुमच्या गावात एकीच्या कानात गेलं की चार दिवसांत इथं येतं."

तिनं हात काढून घेतला, पण शपथ लागलीच होती. तुमच्या घरातली पोर. शपथ म्हणजे काय ते तुम्हीच तिला शिकवलेलं.

खरं काय होतं तेही सांगते. मूल त्या दोघांनी ठरवून लांबवलं होतं. वाळूजच्या कंपनीत ती ठेकेदाराकडून कामाला होती आणि कायम करायच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. कायम झालं की बाळंतपणाची रजा पगारी मिळते, म्हणून आणखी एक वर्ष थांबू असं दोघांनी ठरवलं. मला सांगितलं होतं. मी हो म्हटलं होतं.

लोक म्हणतात सरकारी योजनेत सगळं फुकट होतं. खोटं कशाला बोलू, माझं ऑपरेशन योजनेत झालं, बरीचशी औषधंही झाली. पण योजनेचे कागद होईपर्यंतच्या तपासण्या बाहेर कराव्या लागल्या. किमोनंतर गाडीवर बसवेना, दर खेपेला रिक्षा. अंडी, फळं. सलाईन संपेपर्यंत मुलाचा ओव्हरटाइम बुडायचा. आणि माझा हातच उचलेना, म्हणून पुढच्या सालचं उन्हाळी काम अर्धंसुद्धा झालं नाही. हे सगळं घरात दिसत होतं. पण तुमच्या लेकीचा जो पगार गेला त्याची पावती कुणी फाडली नाही, म्हणून तो मी खर्चात धरलाच नव्हता.

दर तीन आठवड्यांनी तिची सुट्टी. पुढं ऑपरेशनच्या वेळी पंधरा दिवस. सुपरवायझरनं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मग रेडिएशनचा शेक सुरू झाला, पाच आठवडे रोज. मी म्हटलं, "आता मी एकटी जाते, तू कामावर जा." ती म्हणाली, "सिटीबसमध्ये दांडी कोणत्या हातानं धरणार?" त्या बाजूचा हात मला खांद्याच्या वर नेता येत नव्हता. ती माझ्याबरोबर आली. तिसऱ्या आठवड्यात यादीतून नाव गेलं आणि महिन्याच्या शेवटी कामही गेलं. कंपनीची बस सकाळी चौकातून जायची तेव्हा ती भाजी निवडत बसलेली असायची. बसचा आवाज आला की हात थांबायचे, आणि पुन्हा चालू व्हायचे.

गल्लीत बायका मला म्हणायच्या, "मूल नाय, काम नाय, मजा आहे तुमच्या सुनेची." मी म्हणायचे, "चालायचंच." हा एक शब्द मी किती वेळा वापरला असेल.

तिनं माझ्यासाठी एक गोष्ट केली ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे. ऑपरेशननंतर एक बाजू सपाट झाली. ब्लाऊजमध्ये घालायचं तयार मिळतं, पण त्याची किंमत ऐकून आम्ही दुकानातून उठलो. मग तिनं माझ्या जुन्या पातळाची पिशवी शिवली आणि आत मोहरी भरली. म्हणाली, कापसाला वजन नसतं, खांदा एका अंगाला कलतो, मोहरीनं सारखा राहील. तसंच झालं. एकदा पोळ्या लाटताना शिवण उसवली आणि सगळ्या ओट्यावर मोहरी. ती म्हणाली, "आत्या, फोडणीला कमी पडली होती, बरं झालं." आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्या हसण्यात मी म्हणायला हवं होतं की आता सांगून टाकू सगळ्यांना. नाही म्हटलं.

उलट दुसरं खोटं आधीच रचून ठेवलं होतं. दुसऱ्या किमोनंतर माझे केस गेले. पदर घेऊन किती लपवणार? बायका विचारायला लागल्या. मी म्हटलं, "बालाजीला दिले. सुनेची कूस उजवावी म्हणून नवस बोलले होते." मी त्या साली जालन्याच्या पलीकडंसुद्धा गेले नव्हते. पण बायका ऐकून गार झाल्या. एकीनं माझ्यापुढं हात जोडले. सासू असावी तर अशी, असं आमच्या गल्लीत दोन महिने चाललं होतं, आणि ते मला आवडत होतं. हे लिहिताना हात थांबतोय, पण लिहिते. मला आवडत होतं.

ते तुमच्या कानावर गेलं. त्या दिवाळीनंतर तुम्ही आलात. सुनेनं चहा टाकला. तुम्ही पदराची गाठ सोडली आणि नोटा माझ्यापुढं ठेवल्या.

"घ्या विहीणबाई. लेकीच्या दवाखान्याला."

"हे कशाला? आम्ही बघतोय की."

"तुम्ही डोक्यावरचे केस दिले. आम्हाला दोन शेळ्या जड झाल्या का?"

मी विचारलं, "कोणत्या?" तुम्ही म्हणालात, "ती ठिपक्याची, आणि तिच्याच पोटची तरणी पाठ. ठिपक्याची गाभण होती, म्हणून भाव चांगला आला."

आपण दोघी मेंढराशेळ्यांमागं फिरलेल्या घरातल्या. गाभण शेळी बाजारात नेताना तिची दोरी कशी धरवत नाही ते मला कुणी समजावायला नको होतं. आणि मग तुम्ही खाली वाकलात आणि माझ्या पायाला हात लावलात. तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. सून चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी काय केलं म्हणता? डोक्यावरचा पदर सारखा केला.

पैसे घेतले. त्या आठवड्यात माझ्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या होत्या आणि त्यांचं इंजेक्शन बाहेरून आणायला सांगितलं होतं. तुमच्या दोन्ही शेळ्या माझ्या अंगात गेल्या, विहीणबाई. मनाशी म्हटलं, पुढच्या हंगामात परत देऊ. हंगाम आला तेव्हा म्हटलं, आता परत दिले तर विचारतील, दवाखाना बंद का केला.

तुम्हाला हे माहीत नाही, पण गल्लीत एकीचं डोहाळजेवण होतं. सुवासिनींना ओटी भरायला एकेक करून बोलावत होते. तुमच्या लेकीपर्यंत नंबर आला आणि ज्या बाईच्या हातात ताट होतं ती तिला ओलांडून पुढच्या बाईकडं गेली. तुमच्या लेकीनं हात पुढं केला होता. तो तसाच मागं घेऊन तिनं बांगड्या मागंपुढं केल्या, जसं काही त्यासाठीच हात काढला होता. मी समोर बसले होते. माझ्या तोंडात पेढा होता. मी तो खाल्ला.

माझ्या तपासण्या चांगल्या आल्या. डॉक्टरीण म्हणाली, आता सहा महिन्यांनी या. तेव्हाही बोलले नाही, कारण उन्हाळा तोंडावर होता आणि गहू यायला लागले होते.

मग तुम्ही बसस्टँडवर तुपाबरोबर, मूल व्हावं म्हणून, वैदूची पुडी दिलीत. मला दुसऱ्या दिवशी कळलं. सून सकाळी न्हाणीत ओकत होती. मला क्षणभर वेगळंच वाटलं, आनंदच झाला म्हणा ना. मी पाठीवर हात फिरवायला गेले तर ओट्यावर काळी पूड आणि वाटी.

"हे काय गं?"

"मायनं दिलंय. एकवीस दिवस घ्यायचं."

"तुझ्या पोटाला काय झालंय म्हणून?"

"काय नाय झालं."

"मग घेतेस कशाला?"

तिनं तोंड धुतलं आणि म्हणाली, "मायनं शपथ घातलीय. एक शपथ तुमची, एक तिची. मी कोणती मोडू सांगा."

रागानं नाही म्हणाली. खरंच विचारत होती. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा पुडी सोडली आणि माझ्या देखत घेतली. दुपारपर्यंत पडून होती. तिसऱ्या दिवशी मी ती पुडी मोरीत ओतली.

त्याच दिवशी गच्चीवर पापड लाटायला पाचसहा बायका जमल्या होत्या, कोपऱ्यावरची ती बाईही होती. मी लाटणं खाली ठेवलं आणि म्हटलं, "माझे केस मी बालाजीला दिले नव्हते. मला छातीचा कॅन्सर होता. दवाखाना माझा चालला होता, सुनेचा नाय."

पापडावर फिरणारी लाटणी थांबली. मग कोपऱ्यावरची म्हणाली, "मग तिच्या पोटाचं काय?"

"तिच्या पोटाला काय झालेलं नाय. कधीच नव्हतं. मी खोटं बोलले."

"चार वर्षं झाली म्हणून तुम्हीच तर मला सांगितलं दवाखान्याच्या दारात."

"व्हय. तिथूनच खोटं सुरू झालं."

तिनं हातातली लाटी ताटात ठेवली, हात पदराला पुसले आणि खाली गेली. तिच्यामागं आणखी दोघी. त्यांचे गहू संध्याकाळपर्यंत घरी परत गेले. बसून राहिल्या त्यांत एक म्हातारी होती. लाटत लाटत म्हणाली, "ती लोणच्याची बाई गेली तेव्हा तुम्ही भेटायला तरी गेला होता का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मी पण नाय," आणि लाटत राहिली.

खाली येऊन मी सुनेला सांगितलं, "तुझी शपथ सुटली." तिनं विचारलं, "मायला सांगू?" मी म्हटलं, सांग. ती बराच वेळ पाट्यावर मीठ वाटत बसली. नुसतं मीठ. मग म्हणाली, "नाय. मी सांगितलं तर मी तुमची बाजू घेऊन सांगेन, मला माहिताय. तुम्ही लिहा. मी वाचून दाखवीन." म्हणून यात मी माझी बाजू घेतलेली नाही. कुठं घेतली असेल तर तिथं तिला थांबवा आणि विचारा, खरंच असं होतं का. ती खोटं बोलणार नाही. तेवढं एक मी तिच्याकडून करून घेतलं नाही, नुसतं गप्प बसायला लावलं, आणि ते काही कमी नाही.

शेळ्यांचे पैसे मी देणार आहे, थोडे थोडे का होईना. पण त्या दोन शेळ्यांना आत्तापर्यंत किती करडं झाली असती, आणि तिच्या कायम नोकरीचं काय, आणि दोघांनी एक वर्ष म्हणून थांबवलेलं बाळ, त्याचं मी काय देऊ, हे मला सुचत नाही. परवापासून ती पुन्हा वाळूजला कामासाठी विचारायला जायला लागलीय. दुसरा ठेकेदार आहे. पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल म्हणतात. ती म्हणाली, करते.

तुमच्या गावात तिच्याबद्दल जे जे बोललं गेलं असेल त्या प्रत्येक घरी मी स्वतः येऊन सांगेन. पैठणच्या गाडीनं येते, तुम्ही फक्त सोबत चला, कोणतं घर ते दाखवा. पण त्याच्या आधी तुम्ही इकडं या. चिडून या, भांडायला या. मला जे बोलायचं ते दार लावून घरात बोलू नका, बाहेर गल्लीत उभ्या राहून बोला, सगळ्यांना ऐकू जाऊ द्या. माझ्या हातचं नको वाटलं तर लेकीच्या हातचं जेवा, मी बाजूला बसेन. दोन दिवस राहायच्या तयारीनं या, तिला तुमच्याजवळ झोपायचंय, तोंडानं म्हणत नाही पण मला कळतं. सणावाराची वाट बघू नका. या आठवड्यातच या.